वेग डोळ्यांनी मोजू नका

मे महिन्यातली भर दुपार, लातूरची धावपट्टी आणि सेसना 152. डाव्या सीटवर विद्यार्थी, उजवीकडे प्रशिक्षक म्हणून मी. नांदेडहून सकाळच्या गारव्यात पोरानं विमान छान उचललं होतं, सव्वाशे किलोमीटरचा पल्लाही नीट गाठला होता. लातूरहून निघायला मात्र दुपार झाली.

थ्रॉटल पूर्ण देऊन धाव सुरू झाली. वेगाचा काटा जेमतेम पंचेचाळीसवर असताना त्यानं कंट्रोल मागे ओढला. चाकं सुटली, पण लगेच स्टॉलचा भोंगा किंचाळायला लागला. विमान पुरुषभर उंचीवर तरंगत राहिलं, काही केल्या वर चढेना. नाक डावीकडे वळलं, डावा पंख खचला. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत मी नाक खाली घेतलं, थ्रॉटल बंद केलं. तोवर आम्ही पट्टीची डावी कड ओलांडली होती. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळते. पुढचं चाक तशाच भेगेत अडकून मोडलं, प्रोपेलर मातीत रुतून वाकला आणि विमान नाकावर टेकलं. इंधन, मॅग्नेटो, मास्टर स्विच बंद करून आम्ही बाहेर पडलो. खरचटण्यावर निभावलं.

“सर, मला वाटलं वेग आला,” पोरगा म्हणाला. त्याला तसं वाटणं साहजिक होतं, आणि धोका नेमका तिथंच आहे.

नांदेड समुद्रसपाटीपासून 1200 फुटांच्या आसपास, तर लातूर 2000 फुटांहून वर. त्यात पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी लातूरची पट्टी साडेपाच हजार फुटांवर जाते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण केल्यासारखंच. अशा हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल मिळायला जमिनीवर जास्त वेगानं पळावं लागतं आणि धाव समुद्रकाठच्या गार सकाळपेक्षा जवळपास दीडपट होते. काट्यावर 46 नॉट असतात, तेव्हाच बाहेरची जमीन 50 नॉटच्या वेगानं मागे पळत असते. गार हवेत सवय झालेले डोळे सांगतात, ‘उचल’. पंखांना ते मान्य नसतं. जमिनीलगतच्या हवेच्या आधारानं चाकं सुटतात, पण तो आधार पंखाच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंतच टिकतो.

म्हणून शिकणाऱ्यांना माझं सांगणं असं. सकाळचं गणित दुपारी चालवू नका. जागा बदलली, तापमान बदललं, वजन बदललं की मॅन्युअलमधला तक्ता पुन्हा उघडा. जे अंतर येईल त्याच्या दीडपट अंतरावरची एखादी खूण धावपट्टीवर आधीच हेरून ठेवा. तिथपर्यंत विमान सुटलं नाही, तर थ्रॉटल बंद. पुढचं चाक 50 नॉटला उचला, आणि चढाईचा वेग मिळेपर्यंत नाक जवळपास सपाट ठेवा. पूर्ण ताकदीवर नाक डावीकडे ओढलं जातंच, उजवा रडर तयार हवा. 3000 फुटांवरच्या मैदानांसाठी मॅन्युअल मिश्रण पातळ करायला सांगतं; कागदावर लातूर त्याहून खाली असलं, तरी उन्हात वर जातं. त्याबद्दल उडण्याआधी प्रशिक्षकाशी बोला. उन्हाळी वावटळ दिसली, तर ती पट्टी ओलांडून जाईपर्यंत थांबा.

भोंगा वाजलाच तर कंट्रोल आणखी मागे ओढू नका, नाक खाली घ्या. पट्टी उरली असेल तर तिथंच टेका. नसेल तर समोरच्या शेतात सरळ उतरा. कमी उंचीवर मागे वळायला जाऊ नका. 25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीच निघालेली प्रशिक्षणार्थी वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात विमानासह कोसळली, पण बचावली. आपल्या मुलखात समोर शेत मिळण्याची शक्यता बरीच असते. अपघातानंतर जखमींना काढण्यापलीकडे विमानाला हात लावू नका. तपास करणाऱ्यांना ते जसंच्या तसं लागतं.

व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास भरायचे असतात, प्रत्येक तासाला पैसे पडतात, म्हणून घाई होते हे मला ठाऊक आहे. तरी मे महिन्यातल्या दुपारी तक्ता काठावर येत असेल, तर थोडं इंधन कमी करा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. मुक्कामाचा खर्च प्रोपेलरपेक्षा स्वस्तच पडतो.