आकडे भर, अंग रंगवू नकोस

अगं, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बाबांचा नाहीतर मामाचा जुना कॅमेरा निघाला की पहिला आनंद ओसरल्यावर नजर जाते ती उडालेल्या रंगाकडे. लेन्सवरचे आकडे अर्धे पुसलेले, कडांचा काळा रंग जाऊन पांढरा धातू उघडा पडलेला. मग हात शिवशिवायला लागतात. काळ्या रंगाची एक डबी आणावी, ब्रश फिरवावा, झाली लेन्स नवी! तुझ्याही मनात हेच चाललंय, मला ठाऊक आहे. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी जरा माझ्याजवळ बस. मला तुला एकच गोष्ट पटवायची आहे. जुन्या लेन्सवरचा रंग जिथे काम करतो, तिथे तो परत भरायचा. जिथे तो नुसता अंगावर आहे, तिथे त्याच्या वाटेला जायचं नाही.

उदाहरणाला आपण हेलिओस ४४-२ घेऊ. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स जगभर पोचली. ५८ मिलिमीटर, एफ/२. तिची घडण जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटारवर बेतलेली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ती बनली आणि इतर सोव्हिएत कारखान्यांतही. पुढच्या कड्यावर एक लांबलचक क्रमांक कोरलेला असतो. त्याचे पहिले दोन आकडे बहुधा ती बनल्याचं साल सांगतात. ७८ ने सुरुवात असेल तर लेन्स १९७८ ची. या कड्यावर घाईने काळा ब्रश फिरवलास, तर लेन्सचा जन्मदाखलाच बुजवलास असं समज.

आता आकड्यांचं महत्त्व सांगते. या लेन्सला अ‍ॅपर्चरची दोन कडी आहेत. एका कड्याने किती बंद करायचं ते ठरवायचं, दुसऱ्याने फोकस करताना पूर्ण उघडायचं आणि फोटोच्या क्षणी ठरवलेल्या जागेपर्यंत मिटायचं. तू ती अ‍ॅडाप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवलीस, तर लेन्स आणि कॅमेरा यांचं आपसात काही बोलणं होत नाही. स्क्रीनवर अ‍ॅपर्चर दिसत नाही, फोटोच्या माहितीतही ते नोंदलं जात नाही. तुला कळण्याचं एकच ठिकाण, ते म्हणजे कड्यावरचा आकडा. तोच वाचता आला नाही तर तू अंदाजपंचे काम करणार.

अंतराच्या पट्टीचंही तसंच. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर ११ वर ठेव, आणि अनंताची खूण डेप्थ ऑफ फील्डच्या पट्टीवरच्या ११ च्या रेघेसमोर आण. फोकस साधारण दहा मीटरवर बसतो, आणि पाच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गणपतीच्या मिरवणुकीत एखादं पथक लांबून येत असेल, तर डोळा लावून फोकस शोधत बसावं लागत नाही, नुसतं बटण दाबायचं. ही सगळी करामत त्या केसाएवढ्या रेघांवर चालते. म्हणून सांगते, रंग भरायचा असेल तर इथे भर.

आधी बोटाचं नख आकड्यावरून आडवं फिरव. नख अडकलं तर आकडा कोरलेला आहे, खाचेत रंग भरता येईल. नख सुळकन सरकलं तर आकडा छापलेला आहे. त्याला खाचच नाही, हाताने रंगवायला गेलीस तर बालवाडीतल्या पाटीसारखं दिसेल. तो तसाच सोड.

मग फोनवर लेन्सचे चहूबाजूंनी फोटो काढून ठेव. कुठला आकडा कुठल्या रंगाचा होता, हे पुसून झाल्यावर आठवत नाही, आणि रंग हे नटण्यासाठी दिलेले नसतात. निकॉनच्या जुन्या निक्कोर लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांना वेगवेगळे रंग असतात, आणि डेप्थ ऑफ फील्डच्या रेघा त्या त्या आकड्याच्या रंगाच्या. त्यांच्या एआय-एस मालिकेत सर्वांत लहान अ‍ॅपर्चरचा आकडा नारिंगी असतो, ती त्या मालिकेची ओळखच आहे. पुष्कळ लेन्सवर एक लाल खूण दिसते, ती इन्फ्रारेड फिल्मसाठी फोकस किती सरकवायचा ते सांगते. सगळीकडे सरसकट पांढरा भरलास तर दिसेल छान, पण लेन्स मुकी होईल.

साफसफाई हा खरा अर्धा भाग, त्यात कंटाळा करू नकोस. दोन्ही बाजूंना झाकणं लाव, काचेजवळच्या फटींवर मास्किंग टेप चिकटव. खाचेत वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ घट्ट बसलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. दात कोरायची लाकडी काडी घे, तिचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं कर आणि खाच कोरून काढ. सुई नको, सुईने धातूवर चरा उठतो. अल्कोहोल थेट लेन्सवर तर कधीच ओतू नकोस. ते फटीतून आत झिरपतं, फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ करतं, आणि ते ग्रीस पुढे सरकत अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जातं. मग एका आकड्यापायी पाती चिकटून बसतात.

रंग कुठला, म्हणशील. पहिल्यांदाच करत असशील तर साधा ऑइल पेस्टल घे, कॅम्लिनची शाळेतली पेटी चालेल. आकड्यावर घास, वरचं पुसून टाक, झालं. नाही आवडलं तर काडीने निघून येतं, काही बिघडत नाही. पण तो मेणकट असतो, उन्हाळ्यात मऊ पडतो आणि धूळ धरतो. हात बसला की मॉडेल बनवणारे वापरतात तो इनॅमल रंग घे, तो टिकतो.

आणि डबीतला पांढरा जसाच्या तसा वापरू नकोस. नवा पांढराशुभ्र आकडा जुन्या आकड्यांच्या शेजारी डोळ्यात खुपतो. जुना पांढरा कधीच पांढरा राहिलेला नसतो, तो सायीच्या रंगावर गेलेला असतो. म्हणून पांढऱ्याच्या थेंबात पिवळ्या मातीच्या रंगाचा, म्हणजे यलो ऑकरचा, काडीच्या टोकाएवढा कण मिसळ. शेजारच्या शाबूत आकड्याजवळ धरून बघ. फरक दिसेनासा झाला की थांब.

आता भरणं. सुरुवात फुटांच्या पट्टीवर कर, आपण मीटर वापरतो, तिथे काही चुकलं तरी कामाला खोळंबा नाही. एकदम बारीक ब्रशने किंवा काडीनेच रंग खाचेत सोड. कडेला सांडला तरी घाबरू नकोस, फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरून वरचं पुसून काढतात तसंच हे काम आहे. काही मिनिटं जाऊ दे, रंगावर पातळ साय धरली पाहिजे. मग जुन्या सुती कापडाचा एकच पदर एखाद्या कडक व्हिजिटिंग कार्डावर ताणून गुंडाळ, त्याला टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल इतकंच ओलं कर, आणि खाचेला आडवं, एकाच दिशेने, हलक्या हाताने पूस. नुसत्या बोटावर कापड घेऊन पुसलंस तर मऊ कापड खाचेत उतरतं आणि भरलेला रंग उपसून आणतं. कार्डाची सरळ कड वरच्यावर सरकते, खाचेतलं खाचेतच राहतं.

वाळल्यावर रंग आकसतो, आकडा किंचित खोल गेलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दे. पांढरे आकडे पुरते वाळल्याशिवाय लाल ठिपक्याला सुरुवात करू नकोस, नाहीतर गुलाबी व्हायला वेळ लागत नाही. आणि हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून नि देवाजवळच्या दिव्यापासून दूर. टर्पेंटाइन पेट घेतं.

एक मोह मात्र टाळ, बाई. ड्रेसिंग टेबलवर पांढरी नि लाल नेलपेंट समोरच दिसते, आणि वाटतं की हीच काय वाईट? ती जाड असते, झटकन सुकते, चमकते, आणि पुसायला जाशील तोवर दगड झालेली असते. मग तू रिमूव्हर घेणार. रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं. ते तुझी नेलपेंट काढतंच, पण शेजारच्या आकड्यांचा मूळ रंगही विरघळवतं, आणि प्लास्टिकचं कडं असेल तर त्यालाही खातं. ती बाटली लेन्सच्या टेबलावर येऊच देऊ नकोस.

आता अंगाकडे वळू. कडांवर पांढरं दिसतंय ना, तिथे काळा लावायची तुझी फार इच्छा आहे. पण बहुतेक जुन्या लेन्स अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि त्यांचा काळेपणा पुष्कळदा वरून लावलेला रंग नसतोच. विजेच्या प्रक्रियेने धातूवरच ऑक्साइडचा थर तयार करून त्यात काळा रंग मुरवलेला असतो, त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. तो गेला की घरी परत आणता येत नाही. वरून लावलेला इनॅमल तिथे ठिगळासारखा दिसतो आणि हाताच्या घर्षणाने महिन्या-दोन महिन्यांत त्याचे पोपडे निघतात. काळ्या मार्करने गिरवलंस तर उजेडात जांभळट झाक मारते. सँडपेपर तर नकोच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ तुझ्या नाकात जायला नको.

त्याहून जुन्या, पितळी लेन्स आणि कॅमेऱ्यांची तर वेगळीच शान. काळ्या रंगाखालून झिजून पितळ वर येतं, आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. २०१५ साली लायका कंपनीने संगीतकार लेनी क्रॅविट्झबरोबर एम-पी कॅमेऱ्याची ‘करस्पॉन्डंट’ ही खास आवृत्ती काढली. फक्त १२५ संच, आणि त्यांचा काळा रंग कारखान्यातच हाताने घासून पितळ उघडं केलेलं! जगातली नावाजलेली कंपनी जे मुद्दाम घडवते, ते तुझ्या मामाच्या कॅमेऱ्यावर आपोआप आलंय. ते झाकायला तू रंग आणणार?

अंगाला काळा लावायची हौसच असेल तर एक जागा सांगते, धातूच्या लेन्स हुडची आतली बाजू. तिथला काळा घासून धातू चमकत असेल तर बाजूने येणारा उजेड त्यावर आपटून काचेत शिरतो आणि फोटो फिका पडतो. तिथे बिनचमकीचा मॅट काळा रंग बिनधास्त लाव. हुड वेगळा निघतो, काचेला धोका नाही, आणि रंगाचा उपयोगही आहे.

लेन्सच्या आतही रंग असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. काचेची गोल कड बहुधा काळ्या रंगाने माखलेली असते. आत शिरलेला आडवा उजेड त्या कडेवर येऊन शोषला जावा, परत उसळू नये, म्हणून. हा रंग काचेपासून सुटला की टॉर्चच्या उजेडात कडेला पांढरे ठिपके दिसतात. श्नायडर कंपनीच्या लेन्समध्ये ते इतके सर्रास आढळतात की शौकिनांनी त्याला ‘श्नायडरायटिस’ असं आजाराचंच नाव देऊन टाकलंय. घाबरू नकोस, थोड्या ठिपक्यांनी फोटोत फरक पडत नाही. कड बरीच उघडी पडली असेल आणि उजेडासमोरचे फोटो धुरकट येत असतील, तरच विचार कर. पण तेव्हाही लेन्स स्वतः उघडू नकोस. फोकसच्या नळ्यांवरचे आटे अनेक ठिकाणांहून सुरू होतात. सोडवताना जागेवर खूण केली नाही आणि नळी चुकीच्या आट्यात बसवली, तर लांबचं कधीच फोकस होत नाही. हे काम जुन्या लेन्स उघडणाऱ्या दुरुस्तीवाल्याचं. त्याला एवढंच विचार, “काका, काचेच्या कडा परत काळ्या करून द्याल का?” काम जाणणारा असेल तर तुला काय म्हणायचंय ते त्याला लगेच कळेल.

आणि रंगाच्या नादात बुरशीकडे दुर्लक्ष करू नकोस. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू तीच आहे. टॉर्च मागून धर आणि पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर आकडे राहू देत बाजूला, आधी काच साफ करून घे. बाबांची चामड्याची केस कितीही देखणी असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नकोस, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापर.

शेवटचं. पुढेमागे ही लेन्स विकलीस तर घेणाऱ्याला सरळ सांग की आकडे मी नव्याने भरले आहेत. नीट भरलेल्या आकड्यांनी किंमत कमी होत नाही, लपवाछपवीने मात्र विश्वास जातो. अंगावर रंग फासलेली लेन्स बघितली की जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतो, की खाली काय झाकलंय?

काच स्वच्छ, पाती कोरडी आणि आकडे वाचता येण्याजोगे, एवढं जमलं की लेन्स तयार आहे. त्यापुढचा रंग तिला नको. ब्रश धुऊन ठेव, आणि या रविवारी तिला बाहेर घेऊन जा.