भ्रमणध्वनी आणि संगणक : नोंदींचा ताळमेळ

वैद्यकीय व्यवसायात केवळ स्मरणशक्तीवर विसंबून राहण्याचे दिवस केव्हाच सरले. पूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर एक डायरी असे, भिंतीवर दिनदर्शिका असे आणि कोणाला केव्हा बोलावले आहे हे तोंडपाठ असणारा एखादा जुना कंपाउंडर असे. आज त्या एका डायरीची जागा खिशातील भ्रमणध्वनी, दवाखान्यातील संगणक, घरचा लॅपटॉप आणि स्वागतकक्षातील फोन अशा चार उपकरणांनी घेतली आहे. सोय चौपट झाली हे खरे. परंतु चारही ठिकाणी वेगवेगळी तारीख दिसू लागली, तर कोणती खरी मानायची हा प्रश्नही त्याबरोबरच आला. प्रस्तुत लेखात ई-मेल, दिनदर्शिका, संपर्कसूची आणि कामांची यादी या चार गोष्टींचा मेळ उपकरणांमध्ये कसा राखला जातो, तो कोठे बिघडतो आणि आपण कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार करावयाचा आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, बालरोगतज्ज्ञ आहे. म्हणून उदाहरणे माझ्या बाह्यरुग्ण विभागातलीच घेते.

ताळमेळ म्हणजे काय?

'सिंक्रोनायझेशन' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील 'एकत्र' आणि 'काळ' या अर्थांचे दोन शब्द आहेत. व्यवहारात आपण त्याला 'सिंक' म्हणतो. सन १९९६ मध्ये पामचे 'पायलट' हे हातात मावणारे उपकरण आले, तेव्हा ते संगणकाला जोडलेल्या एका बैठकीवर ठेवून 'हॉटसिंक'ची कळ दाबावी लागे. मग दोन्हींतील नोंदी जुळत. सन २००० मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन 'सिंकएमएल' नावाची सामाईक पद्धत आखली. पुढे तार आणि बैठक दोन्ही गेली आणि मध्यभागी सर्व्हर आला. दिनदर्शिकेसाठी 'कॅलडॅव्ह' हे मानक २००७ मध्ये आणि संपर्कांसाठी 'कार्डडॅव्ह' २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या बदलाचा मथितार्थ असा, की आज फोन आणि संगणक सहसा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघेही सर्व्हरवरील खात्याशी बोलतात. मूळ वही तेथे आहे. आपल्या हातातील प्रत्येक उपकरण म्हणजे त्या वहीची नक्कल. प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र ओळखक्रमांक आणि आवृत्तीची खूण असते. उपकरण सर्व्हरला विचारते, 'मागच्या भेटीनंतर काय बदलले?' आणि तेवढेच उतरवून घेते. हे एकदा ध्यानी आले, की पुढील बहुतेक घोटाळ्यांची कारणे आपोआप उलगडतात.

ई-मेल

ई-मेल उतरवून घेण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. 'पॉप' ही जुनी पद्धत टपालपेटीसारखी : पत्र उचलून घरी आणले की पेटी रिकामी. काही प्रोग्राम पेटीत प्रत ठेवतात. तरीही कोणते पत्र वाचले, कोणत्याला उत्तर दिले, ही माहिती दुसऱ्या उपकरणाला कळत नाही. 'आयमॅप' ही पद्धत १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे विकसित केली. तिच्यात पत्र सर्व्हरवरच राहते आणि वाचल्याची खूणही तेथेच लागते. प्रयोगशाळेचा अहवाल दवाखान्यात उघडला, पण घरी तो 'न वाचलेला' दिसतो, अशी तक्रार असेल, तर खाते 'पॉप' पद्धतीने जोडलेले आहे काय, हे प्रथम पाहावे.

संपर्कसूची

वडोदऱ्यात आपण तीन लिप्यांत जगतो. स्वागतकक्षातील मुलगी नाव गुजरातीत लिहिते, संगणकावर ते रोमन लिपीत जाते आणि मी फोनमध्ये देवनागरीत लिहिते. माणसाला हे एकच कुटुंब वाटते; यंत्राला तीन. सिंकची यंत्रणा नाव ओळखत नाही, ओळखक्रमांक ओळखते. त्यामुळे एकच नाव तीन ठिकाणी तीन वेळा लिहिले, की तिन्ही नोंदी इमानेइतबारे सर्व उपकरणांवर पोहोचतात. पालकांचा क्रमांक बदलला की त्यांपैकी एकीतच दुरुस्ती होते आणि नेमक्या निकडीच्या वेळी जुना क्रमांक लावला जातो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, नाव कोणत्या लिपीत लिहावयाचे हे दवाखान्याने एकदाच ठरवावे. दुसरा, प्रत्येक क्रमांक अधिक ९१ या उपसर्गासह लिहावा. आपल्याकडील अनेक कुटुंबांतील आजी-आजोबा वर्षातील काही महिने परदेशी असतात, तेथूनही तो लागतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, नवीन संपर्क कोठे साठवला जातो हे तपासावे. सिमकार्डावर अथवा केवळ फोनच्या स्मृतीत साठवलेला संपर्क खात्यात जातच नाही. फोन हरवला की तोही गेला.

दिनदर्शिका

दिनदर्शिकेतील नोंद वेळेच्या पट्ट्यासह साठवली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. भारतात घड्याळ वर्षभर स्थिर असते; अमेरिकेतील बहुतेक भागांत ते मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे केले जाते. भारतातील रात्रीचे ८ म्हणजे न्यूजर्सीत उन्हाळ्यात सकाळचे १०.३० आणि हिवाळ्यात ९.३०. दर पंधरवड्याची दूरदृश्य भेट तेथील पालकांनी त्यांच्या दिनदर्शिकेत मांडली असेल, तर नोव्हेंबरपासून ती आपल्याकडे रात्री ९ वाजता दिसू लागेल. यंत्र चुकलेले नसते. नोंद ज्या पट्ट्यात जन्मली, त्याच्याशी ते प्रामाणिक राहते.

पुनरावृत्तीच्या नोंदींविषयीही सावध असावे. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस द्यावयाची, म्हणून दर चार आठवड्यांची नोंद एकदाच करून ठेवण्याचा मोह होतो. परंतु दुसरा डोस ताप वा प्रवासामुळे दोन आठवडे पुढे गेला, तर तिसरा त्या प्रत्यक्ष तारखेपासून किमान चार आठवड्यांनीच द्यावयाचा असतो. जुनी नोंद मात्र दोन आठवडे आधीच घंटा वाजवील. म्हणून पुढील डोसाची तारीख आधीचा डोस दिल्यावरच लिहावी.

कामांची यादी

भेट आणि काम यांतील भेद आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयकॅलेंडर' मानकात या दोहोंसाठी दोन निरनिराळे प्रकार आहेत, आणि ते उगाच नाहीत. भेटीची वेळ टळली, की ती नोंद मुकाट्याने मागच्या पानावर जाते. भेट झाली की नाही, हे तिला ठाऊक नसते. काम मात्र 'झाले' अशी खूण होईपर्यंत यादीत ठाण मांडून बसते.

अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी हे याचे उत्तम उदाहरण. आपल्या देशातील मार्गदर्शनानुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाची तर दोन ते तीन आठवड्यांतच. वेळेवर लेसर मिळाले तर दृष्टी वाचते. उशीर झाला तर ती परत येत नाही. आणि नेमक्या याच काळात बाळ रुग्णालयातून घरी गेलेले असते, बरेचदा आईच्या माहेरी, दुसऱ्या गावी.

मी सल्लागार म्हणून जात असे त्या एका रुग्णालयात ३१ आठवड्यांचे, १४०० ग्रॅमचे बाळ विसाव्या दिवशी घरी गेले. निवासी डॉक्टरांनी नेत्रतपासणीची तारीख विभागातील संगणकाच्या दिनदर्शिकेत लिहिली होती. परंतु ती दिनदर्शिका केवळ त्या संगणकापुरती होती. सामाईक खात्याशी तिचा संबंध नव्हता. पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेच्या फोनवर काहीच आले नाही. सत्ताविसाव्या दिवशी कागदी रजिस्टर चाळताना तिच्या ध्यानात आले की या नावापुढे खूण नाही. तिने गावी फोन लावला. सुदैवाने क्रमांक बरोबर होता. एकोणतिसाव्या दिवशी तपासणी झाली, उपचारयोग्य आजार आढळला आणि लेसर करण्यात आले. ते बाळ आज शाळेत फळ्यावरची अक्षरे वाचते. नोंद केलेली होती, तारीखही अचूक होती; ती पोहोचावयास हवी तेथे पोहोचली नव्हती, एवढेच.

कामांच्या यादीत आणखी एक अडचण आहे. ई-मेल आणि दिनदर्शिका निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत बऱ्यापैकी सुखाने नांदतात. कामांच्या याद्या तशा नांदतीलच असे नाही. म्हणून सर्व सहकाऱ्यांनी यादीसाठी एकच प्रोग्राम आणि एकच खाते वापरावे.

सिंक म्हणजे जतन नव्हे

हा गैरसमज फार रूढ आहे. सिंक जशी नवी नोंद सर्वत्र नेते, तसेच खोडलेलेही सर्वत्र खोडते. माझ्या परिचयातील एका डॉक्टरांनी जुना फोन मुलाला देण्यापूर्वी त्यातील सर्व संपर्क एकेक करून पुसले. संध्याकाळपर्यंत नव्या फोनमधील संपर्कही नाहीसे झाले होते. अशा वेळी संपर्क पुसू नयेत. आधी फोनमधून खाते काढावे आणि मग फोन मूळ स्थितीत आणावा. सर्व्हरवरील वही त्याने अबाधित राहते. त्याखेरीज दर महिन्याला संपर्क व दिनदर्शिका यांची एक वेगळी प्रत काढून बाजूला ठेवावी.

दोन उपकरणांवर एकच नोंद इंटरनेट नसताना बदलली गेली, तर अनेक यंत्रणा शेवटी आलेला बदल ग्राह्य धरून आधीचा टाकून देतात. म्हणून भेटीच्या वेळा बदलण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

गोपनीयता

नोंद सर्वत्र पोहोचते, म्हणजे ती घरातील टीव्हीशेजारी पडलेल्या टॅबलेटवरही पोहोचते. बंद पडद्यावरही सूचना झळकते. दिनदर्शिकेत बाळाचे पूर्ण नाव आणि निदान लिहू नये. केसपेपरचा क्रमांक पुरेसा आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांनी तर विशेष लक्षात ठेवावे. दवाखान्याचे आणि घरचे खाते स्वतंत्र असावे आणि कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास त्याच्या फोनवरील खाते त्याच दिवशी बंद करावे.

तपासणीची सोपी पद्धत

सिंक बंद पडते तेव्हा ती ओरडत नाही. संकेतशब्द बदललेला असतो, बॅटरी वाचवण्याची सोय पार्श्वभूमीतील काम थांबवते, किंवा एकच संपर्कसूची दोन मार्गांनी जोडल्यामुळे नोंदी दुप्पट होतात. म्हणून महिन्यातून एकदा पुढील परीक्षा घ्यावी :

१. फोनवर एक खोटी नोंद करावी आणि ती संगणकावर दिसते का पाहावे.
२. संगणकावर तिची वेळ बदलावी आणि फोनवर बदल येतो का पाहावे.
३. फोनवरून ती खोडावी आणि संगणकावरूनही जाते का पाहावे.
४. हीच परीक्षा संपर्क आणि कामे यांच्याबाबत स्वतंत्रपणे घ्यावी. एक चालते म्हणून दुसरे चालतेच असे नाही.

या सर्वांस दहा मिनिटे पुरतात. आपण स्टेथोस्कोप छातीला लावण्यापूर्वी त्याच्या पडद्यावर बोट आपटून पाहतो, तितकीच ही सवय साधी आहे. आणि ज्या नोंदीवर एखाद्याची दृष्टी अवलंबून आहे, तिच्यासाठी कागदी रजिस्टरचे ते एक पान अजूनही उघडे ठेवावे, असे माझे व्यवसायबंधू-भगिनींना नम्र सांगणे आहे.