औषधनिर्माणशाळेतील कामगारांचा कटिशूल : निदानपरिवर्जन व फिजिओथेरपी

वातव्याधीवरील तैले व गुग्गुळकल्प ज्या निर्माणशाळांत सिद्ध होतात, तेथील कामगारांच्या कंबरेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल ‘टी’नुसार कामगाराची नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून तिची नोंद ठेवावयाची असते. तिचा विशेष भर संसर्गजन्य रोगांवर आहे आणि औषधाच्या शुद्धतेसाठी तो योग्यच आहे. परंतु त्वचा व छाती पाहून कामगारास परत पाठविले, तर पाठीचा कणा, अंस व मणिबंध तपासावयाचे राहूनच जातात.

चरकाचार्यांनी वातव्याधीच्या हेतूंत दुःखशय्या व दुःखासन यांचा, तर सुश्रुताचार्यांनी वातप्रकोपक कारणांत भारहरणाचा समावेश केला आहे. हे हेतू आपल्याच शाळेत प्रत्यक्ष दिसतात. काष्ठौषधींची पोती उतरविणाऱ्याची कटी व त्रिक दुखतात. भावना देण्यासाठी खलापुढे तासन्‌तास वाकून मर्दन करणाऱ्याचे मणिबंध व अंस आखडतात. बाटल्यांवर लेबले लावणाऱ्यांची मान धरते. अशा रुग्णास अभ्यंग, स्वेदन, कटिबस्ती देऊन पुन्हा त्याच खलापुढे बसविले, तर निदानपरिवर्जन झाले असे कोणत्या आधारे म्हणावे?

भाराचा विचार येथे सविस्तर करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलावयाच्या भाराची मर्यादा २३ किलो आहे. हात घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत असले तरच ती लागू पडते. हेच अंतर ५० सेंटिमीटर झाले की मर्यादा निम्म्यावर, म्हणजे सुमारे साडेअकरा किलोवर येते. जमिनीवरून वाकून व वळून उचलल्यास ती आणखी घटते. यावरून ५० किलोचे पोते एकट्याने उचलणे किती घातक आहे, हे ध्यानी येईल. घाऊक व्यापाऱ्याकडे २५ किलोच्या गोण्या मागाव्यात, त्या कंबरेच्या उंचीच्या फळीवर रचाव्यात, ने-आण हातगाडीने करावी. खल उंच ओट्यावर ठेवून पाठ सरळ राहील असे आसन द्यावे. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्येही केलेली होती.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक बाब. कंबरेचा पट्टा बांधला की भार उचलण्यास मोकळीक मिळते, असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेतील किरकोळ विक्रीच्या दुकानांत माल हाताळणाऱ्या कामगारांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पट्ट्यामुळे कटिशूल वा पाठीच्या दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. वारंवार पट्टा व वेदनाशामक गोळ्या नेणाऱ्या ग्राहकास कामाचे स्वरूप अवश्य विचारावे. विशेषतः तो रक्तदाब वा वृक्कविकाराचा रुग्ण असल्यास या गोळ्या अपायकारक ठरू शकतात.

फिजिओथेरपिस्टला शक्यतो निर्माणशाळेतच पाचारण करावे. तो कामगाराचे उठणे, वाकणे, वळणे प्रत्यक्ष पाहून दोष दाखवितो, पाठ व उदराच्या पेशींना बळ देणारे व्यायाम शिकवितो आणि दुखणे ओसरत असता कामाचा भार टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा हे ठरवितो. दीर्घ काळ अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. झेपेल तितकी हालचाल सुरू ठेवणेच हितावह असते. आपली स्नेहन-स्वेदनादी चिकित्सा व हे व्यायाम यांत विरोध नाही. मात्र कटिशूलासोबत मूत्र अडणे वा नकळत होणे, गुदाभोवती बधिरता, पाय लुळा पडणे, ज्वर, अकारण वजन घटणे किंवा उंचावरून पडल्याचा इतिहास असेल, तर बस्ती वा मर्दनात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

वार्षिक तपासणीच्या नोंदवहीत तीन रकाने वाढविणे पुरेसे आहे : कामाचे नेमके स्वरूप, वेदनेचे स्थान, आणि कामाच्या जागी केलेला बदल. तिसरा रकाना मालकाने स्वतः भरावा.