फवारणी पंपासाठी सेल निवडताना

यवतमाळ जिल्ह्यातला राळेगाव तालुका कपाशीचा. पाऊस लागला की फवारणी सुरू होते ती दिवाळीच्या तोंडापर्यंत चालते, आणि आता बहुतेक वावरांत दांड्याच्या पंपाऐवजी चार्जिंगचा पंप दिसतो. त्यातली शिशाची बॅटरी दोन-तीन हंगामांत बसते. मग दुकानातून लिथियम सेल आणून घरीच किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे नवा पॅक बांधून घेतला जातो. हे काम चांगले आहे आणि जमण्यासारखे आहे. मात्र सेल निवडायचा तो वेष्टणावरचा मोठा आकडा पाहून नव्हे. आपली मोटर किती करंट ओढते आणि किती वेळ चालते, त्यावर निवडायचा.

हा पंप माणसाच्या पाठीवर असतो, म्हणून निवडीला महत्त्व आहे. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट उष्मा, औषधांची मिश्रणे यांच्या जोडीला जोराच्या फवाऱ्याच्या पंपांचेही नाव तेव्हा पुढे आले. बॅटरीचा व्होल्टेज वाढला की मोटरचा वेग आणि फवाऱ्याचा दाब वाढतो, थेंब बारीक होतात आणि वाऱ्याने अंगावर येतात. बॅटरी बदलणे म्हणजे फवारा बदलणे, हे धरूनच पुढचे काम करा.

लागणारे साहित्य

10 अँपिअरपर्यंत डीसी करंट मोजणारा मल्टिमीटर, 32700 मापाचे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल (4 किंवा 8), सेलचे प्लास्टिक होल्डर, चार सेलच्या फॉस्फेट पॅकचा बीएमएस (सेल जास्त चार्ज किंवा पार रिकामे होऊ न देणारे सर्किट), फ्यूज आणि त्याचा होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 14.6 व्होल्टचा फॉस्फेट पॅकचा चार्जर.

कृती

1. मोटरचा करंट मोजा. टाकी स्वच्छ धुऊन साधे पाणी भरा. मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि बॅटरीची एक वायर सोडवून मीटर मध्ये जोडा. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना आडवा लावू नका, त्याने शॉर्ट होतो. रेग्युलेटर पूर्ण उघडून फवारा सोडा, आकडा टिपा आणि मीटर लगेच काढा. नंतर रेग्युलेटर नेहमीच्या जागी ठेवून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यावरून सेलची ताकद ठरते, दुसऱ्यावरून पॅक किती मोठा हवा ते.

2. गरजेचा हिशेब करा. नेहमीच्या वेगाला अडीच अँपिअर आले आणि दिवसात मोटर प्रत्यक्ष दोन तास चालते असे धरा. अडीच गुणिले दोन म्हणजे 5 अँपिअर-तास. सेल तळापर्यंत रिकामा करायचा नसतो, म्हणून पाचवा हिस्सा वर धरा: 6. पंपामागे मजुरी घेऊन दिवसभर फवारणी करणाऱ्याची मोटर तीन तास चालत असेल, तर हाच हिशेब 9 वर जातो.

जुन्या बॅटरीवर 8 अँपिअर-तास लिहिलेले असते, मग 6 कसे पुरतील, असा प्रश्न येतो. शिशाच्या छोट्या बॅटरीचा आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, म्हणजे 0.4 अँपिअरचा. अडीच-तीन अँपिअर ओढले की तीच बॅटरी 6च्या आसपासच देते. फॉस्फेट सेल मात्र या करंटला जवळजवळ लिहिलेले सगळे देतो.

3. सेलची जात ठरवा. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. लॅपटॉप आणि पॉवर बँकेतला 18650 सेल 3.6-3.7 व्होल्टचा असतो आणि 4.2पर्यंत चार्ज होतो. तो हलका असतो, पण फार तापला किंवा शॉर्ट झाला तर पेट घेण्याचा धोका जास्त. फॉस्फेट सेल 3.2 व्होल्टचा असतो आणि 3.65पर्यंत चार्ज होतो. त्यातला फॉस्फेट प्राणवायू घट्ट धरून ठेवतो, म्हणून तो जास्त उष्णता सोसतो आणि सहसा पेटत नाही. पाठीवरच्या बंद डब्यासाठी फॉस्फेटच घ्या. असे चार सेल एकापुढे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात आणि 12 व्होल्टच्या मोटरला जुळतात.

32700 सेल 32 मिलिमीटर जाड आणि 70 मिलिमीटर लांब असतो, क्षमता साधारण 6 अँपिअर-तास. वरच्या हिशेबात 6 आले तर 4 सेल पुरेत. 9 आले तर 8 सेल घ्या, दोन-दोन जोडून. डब्याची आतली मापे आधीच घ्या. 4 सेल सहज बसतात, 8 सेल होल्डरसह काही पंपांत बसत नाहीत. शिशाची 8 अँपिअर-तासांची बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची असते, 4 सेल मिळून जेमतेम 600 ग्रॅम. पाठीला हा फरक दिवसभर जाणवतो.

4. दुकानात पारखून घ्या. सेल हातात घेऊन वजन करा. 6 अँपिअर-तासांचा खरा 32700 सेल 140 ग्रॅमच्या आगेमागे भरतो. फार हलका भरला तर आत माल कमी आहे. 18650 सेलवर 5000 किंवा 9900 मिलिअँपिअर-तास लिहिलेले असेल तर तो आकडा खोटा समजा; चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते. बीआयएसचे चिन्ह, आयएस 16046 आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. सलग किती करंट देतो ते विचारा. पहिल्या मोजणीच्या किमान दुप्पट हवा. सगळे सेल एकाच बनावटीचे, एकाच खेपेचे घ्या. भंगारातल्या पॅकमधून काढलेले सेल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

5. व्होल्टेज जुळवा. प्रत्येक सेल मोजून आकडा त्याच्यावरच लिहा. फरक 0.02 व्होल्टपर्यंत चालेल. 2.5च्या खाली गेलेला सेल परत करा.

6. पॅक बांधा. सेलच्या टोकावर थेट डाग देऊ नका, उष्णतेने आतली सील खराब होते. स्पॉट वेल्डिंग करून घ्या किंवा नट-बोल्टचे सेल आणा. अंगठी, कडे काढून ठेवा. बीएमएस फॉस्फेटचाच हवा, 4.2 व्होल्टच्या जातीचा लावला तर सेल जास्त चार्ज होतो. आधी ऋण टोक जोडा, मग बारीक वायरी क्रमाने. प्लग लावण्यापूर्वी ऋण टोकापासून एकेक वायर मोजा: आकडे साधारण 3.2, 6.4, 9.6, 12.8 असे चढत गेले पाहिजेत. क्रम चुकला असेल तर तो इथेच सापडतो. धन टोकाला लागूनच 7.5 किंवा 10 अँपिअरचा फ्यूज घाला.

7. चार्जर बदला. जुना शिशाचा चार्जर वापरू नका. चार्जिंग कोणी जागे असताना, मोकळ्या जागी करा. घरात वेचणीचा कापूस साठवला असेल तर त्या खोलीत मुळीच नको. पंप उन्हातून आणला असेल तर आधी निवू द्या. 45 अंशांच्या वर तापलेला सेल चार्ज केला की त्याचे आयुष्य घटते.

8. रेग्युलेटर नव्याने लावा. ही पायरी सोडू नका. शिशाची बॅटरी काम करता करता 12.5 वरून 11 पर्यंत उतरते आणि फवारा हळूहळू मंदावतो. मजूर त्या अंदाजाने बटण फिरवत असतो. फॉस्फेटचा पॅक 13च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम थांबतो. जुन्या खुणेवर बटण ठेवले तर दाब जास्त होईल. म्हणून साध्या पाण्याने एक मिनिट फवारा मापात धरा. शिफारशीप्रमाणे मात्रा पडेल आणि थेंब धुक्यासारखे उडणार नाहीत, तिथे बटण आणा आणि रंगाने खूण करा. दुसऱ्या मजुरालाही ती खूण दाखवा. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा पाहणे हे सगळे तसेच चालू ठेवा.

9. हंगाम संपला की जपा. फॉस्फेटचा पॅक अर्धा चार्ज ठेवून पंपापासून सोडवा आणि सावलीत ठेवा. शिशाची बॅटरी वापरात असेल तर ती पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जिंग द्या. रिकामी पडली की ती कायमची बसते. बाद झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, शिसे आणि आम्ल मातीत उतरते. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती दुकानदाराकडे द्या.

सगळे झाल्यावर पहिला दिवस फक्त पाण्यावर चालवा. तासाभराने डबा उघडून सेल, जोड आणि वायरी हाताने तपासा. कोमट असतील तर हरकत नाही. एखादा जोड चटका देत असेल तर तो पुन्हा बांधा, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय टाकीत औषध घालू नका.