क जीवनसत्त्व घडविणाऱ्या जीवाणूंचा अपूर्ण पाक

आसवपात्राचा संधिबंध सैल राहिला, की आत वारा शिरतो व आसव आंबून त्याचे शुक्त होते. स्वतः औषधे करणाऱ्या वैद्यांस हे सांगावयास नको. आमचेही कुमार्यासवाचे एक पात्र असेच गेले. मद्यापासून अम्ल करणाऱ्या या जीवाणूंच्याच कुळातील ‘ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडन्स’ हा क जीवनसत्त्वाच्या कारखान्यात राबत असतो.

राइशस्टाइन यांनी १९३४ च्या सुमारास बसविलेल्या कृतीत ग्लुकोजचे सॉर्बिटॉल रासायनिक रीतीने होते. सॉर्बिटॉलचे सॉर्बोज मात्र हा जीवाणू करतो. त्याची ऊर्जा मिळविण्याची तऱ्हा विलक्षण आहे. आपल्या पेशी ग्लुकोजचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होईपर्यंत ज्वलन करतात. या जीवाणूत फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर नाही, त्यामुळे ग्लुकोज-विघटनाचा नेहमीचा मार्ग खंडित आहे. सक्सिनेट डिहायड्रोजनेज नसल्याने क्रेब्स चक्रही अपुरे आहे. म्हणून तो सॉर्बिटॉल पेशीत न घेता पेशीपटलाच्या बाहेरील अंगासच त्यातील हायड्रोजन काढून घेतो. त्यातील इलेक्ट्रॉन युबिक्विनोनमार्गे ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, त्या प्रवासात पटलाच्या दोन बाजूंस प्रोटॉनांचा भेद निर्माण होतो व त्यावर एटीपी तयार होते. मिळकत थोडी, म्हणून जीवाणूंची वाढ बेताची आणि जवळजवळ सर्व द्रव्य सॉर्बोजरूपाने बाहेरच शिल्लक. कारखानदारास हवे ते हेच. ऑक्सिजनवाचून मात्र सारे थांबते, त्यामुळे टाक्यांत सतत जोराने हवा सोडावी लागते. आसवात जो दोष, तोच येथे गुण!

यास मंदाग्नी म्हणण्याचा मोह काहींस होईल. आम्हास ती उपमा पटत नाही. येथे क्रियेचा वेग मोठा असतो, केवळ पाक अर्ध्यावर सुटतो.

१९७० च्या दशकात चीनमध्ये पुढील टप्पाही जीवाणूंवर सोपविण्यात आला. ‘केटोगुलोनिसिजेनियम’ सॉर्बोजचे कीटोगुलॉनिक अम्ल करतो, पण एकटा नीट वाढत नाही. ‘बॅसिलस मेगाटेरियम’ची सोबत त्यास लागते. अखेरचे रूपांतर पुन्हा रासायनिक.

‘गोळी म्हणजे निव्वळ रसायन, आवळा म्हणजे औषध’ असे आम्हीही रुग्णांस सांगत असू. आवळा हे अनेक घटकांचे रसायनद्रव्य आहे व गोळीत एकच रेणू आहे, हे खरे. परंतु तो रेणू दोहोंत एकच. चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या एका एकाकी वृद्धाच्या हिरड्यांतून रक्त येत असता आम्ही गोळी टाळून जुने आमलकी चूर्णच देत राहिलो. तीन आठवडे गेले, पायांवर काळेनिळे डाग उठले. मग गोळी सुरू केली. आठवड्याच्या आत रक्त थांबले.