दंतारोपण : हाड आणि धातू यांचे नाते

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. म्हातारपण आणि बोळके तोंड यांची सांगड आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे, की दात पडणे हा वयाचा धर्मच आपण मानतो. वस्तुतः दात जातात ते बहुधा किडीमुळे किंवा हिरड्यांच्या रोगामुळे. मी कला शाखेचा विद्यार्थी. माझा दातांशी संबंध व्याकरणातील दंत्य वर्णांपुरता! परंतु आईच्या दाढेच्या निमित्ताने या विषयाची थोडी ओळख झाली. ती वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दात हिरडीच्या वर दिसतो, पण त्याचे मूळ जबड्याच्या हाडात असते. चावताना पडणारा दाब मुळावाटे हाडाला मिळतो आणि त्यामुळे हाड टिकून राहते. दात गेला की हा दाब थांबतो व हाड हळूहळू झिजू लागते. पुष्कळ दात गेलेल्या माणसाचे गाल आत ओढल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. कवळी हिरडीवर बसते, त्यामुळे खालचे हाड झिजतच राहते आणि घट्ट बसणारी कवळी काही वर्षांनी सैल होते. मग 'त', 'द', 'स' यांचे उच्चारही बिघडतात. दुसरा उपाय म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने 'ब्रिज' बसवणे. त्यात एका दातासाठी दोन चांगल्या दातांना झीज सोसावी लागते. शिवाय मूळ नसतेच.

हे मूळ कसे मिळाले, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क (१९२९-२०१४) हे स्वीडनमधील संशोधक. १९५२ च्या सुमारास लुंड येथे ते सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी टायटॅनियम धातूचे छोटे उपकरण त्यांनी हाडात बसवले होते. काम संपल्यावर ते काढू गेले, तर निघेना! हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. प्रयोगाच्या दृष्टीने ही अडचणच. पण ब्रोनेमार्क यांनी तिच्यातच नवा प्रश्न पाहिला. हाड या धातूला आपले मानत असेल, तर त्यावर दात का उभारू नये?

१९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मजात व्यंग होते. हे रोपण २००६ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे टिकले. तरीही इतर तज्ज्ञांचा विश्वास बसायला वेळ लागला. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्यता पावली. हाड व धातू यांच्या या मीलनाला 'ऑसिओइंटिग्रेशन' म्हणतात. यातील लॅटिन 'ऑस' आणि आपला 'अस्थी' हे एकाच कुळातील शब्द आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगावेसे वाटते.

रोपणाचे तीन भाग असतात : हाडातला स्क्रू, त्यावरचा जोडतुकडा आणि वर दिसणारा दात. स्क्रू बसवल्यावर हाड त्याच्याशी एकजीव होण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड अधिक सच्छिद्र असल्याने तेथे वेळ जास्त लागतो. दात त्यानंतर चढतो. काही निवडक रुग्णांत तो लवकरही बसवता येतो.

तथापि, हा उपाय म्हणजे चमत्कार नव्हे. नैसर्गिक मूळ सूक्ष्म तंतूंनी हाडाला टांगलेले असते. म्हणून भातातला बारीक खडाही आपल्याला तत्काळ जाणवतो. रोपणाला हे तंतू नसतात. त्याला कीड लागत नाही, पण अस्वच्छतेने भोवतालची हिरडी व हाड सुजून ते सैल होऊ शकते. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे त्याचे मोठे शत्रू होत. शिवाय खर्चही बराच.

माझ्या आईची खालची दाढ काढून सहा वर्षे झाली होती. "आतली दाढ, कोणाला दिसते?" असे म्हणून जागा तशीच राहिली. दंतवैद्यांनी क्ष-किरण चित्र दाखवले तेव्हा शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती आणि हाड पातळ झाले होते. आधी हाडाची भर, मग रोपण, असा दुहेरी खर्च निघाला. घरचा हिशेब पाहून आईने काढता-घालता येणारा दात पत्करला. भाकरीचा पापुद्रा ती अजून डाव्या बाजूनेच चावते.

आपल्या घरी आई-वडिलांची दाढ काढली गेली असेल, तर तिच्या जागेचे काय करायचे, हे त्याच वेळी दंतवैद्यांना विचारावे. जबड्याचे हाड आपल्या सवडीसाठी थांबत नाही. आणि ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत त्यांनी ते जपावेत. कारण विज्ञानाने दिलेले मूळ कितीही भक्कम असले, तरी ते उसनेच.