थांबली की तापते पद्मिनी

करमाडच्या एका वाचकाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. जालना रस्त्यावर ती झकास पळते. वाहतुकीत अडकली की तापमानाचा काटा चढतो. इंजिन उतरवावे लागेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

एवढ्यात नाही. धावत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्याने थंड होतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे, आणि कुर्ल्यात तयार झालेल्या या १०८९ सीसी इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंदावले की पंखा मंदावतो, वॉटर पंपही. त्यामुळे इंजिन बंद करून आधी पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरहून जास्त दबला तर तो ढिला आहे.

खरा संशय पाण्यावर घ्यावा. मराठवाड्यात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. वर्षानुवर्षे तेच ओतले, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो. गाडी तापवून बंद करावी आणि जाळीजवळ जपून हात फिरवावा. मध्येच एखादा भाग गार लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. रेडिएटर कारागिराकडून साफ करून घ्यावा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदलावे. इंजिन गरम असताना हे झाकण मात्र कधीही उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो.

इग्निशन टायमिंग मागे पडले असले तरी उभी गाडी तापते, तेही तपासावे.

विजेचा पंखा बसवण्याचा विचार शेवटी करावा. जुन्या गाडीत डायनॅमो असेल, तर मंद इंजिनावर तो जेमतेम चार्ज देतो आणि पंखा बॅटरी रिकामी करतो.